विश्लेषण : रॉकेट परत आले, पण पुन्हा उडणार का? ‘पुष्पक’च्या बांधणीमागचे गणित

गंगाखेड परिसरात गळीत हंगाम संपला की साखर कारखान्याची यंत्रे उघडली जातात. मिलचे रोलर बाहेर काढले जातात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, झिजलेली बेअरिंग बदलली जातात आणि पुढच्या हंगामाआधी बॉयलर पुन्हा पेटतो. एका हंगामानंतर अख्खा कारखाना भंगारात काढून नवा उभारू, असे कुणी सुचवले तर ऊस उत्पादक त्याला वेड्यात काढतील. अवकाश क्षेत्रात मात्र अनेक दशके जवळपास हेच चालत आले. कोट्यवधी रुपयांचे रॉकेट एकदा उडायचे आणि समुद्रात बुडायचे. ही पद्धत बदलण्यासाठी भारतीय अवकाश संशोधन संस्थेने (इस्रो) ‘पुष्पक’ हे पंख असलेले प्रायोगिक यान बांधले. त्याच्या चाचण्या यशस्वी झाल्या आणि आता त्याहून मोठ्या यानाची तयारी सुरू आहे. हे यान आतून कसे आहे, त्यात अवघड काय आहे आणि पुनर्वापराचा हिशेब खरोखर जुळतो का, याचा हा आढावा.

एकदाच वापरायचे रॉकेट महाग का पडते?

पीएसएलव्ही हे इस्रोचे भरवशाचे रॉकेट सुमारे ४४ मीटर उंच आणि ३२० टन वजनाचे असते. त्याचे चार टप्पे एकामागून एक जळतात आणि सुटून पडतात. पहिले तीन समुद्रात जातात, चौथा उपग्रहाबरोबर कक्षेत पोहोचतो. जमिनीवर परत काहीच येत नाही. अशी पाच रॉकेट बनवण्याचे कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या गटाला २०२२ मध्ये मिळाले. त्याची रक्कम होती ८६० कोटी रुपये, म्हणजे एका रॉकेटमागे साधारण १७२ कोटी.

रॉकेटच्या वजनात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असतो, पण खर्चात तो किरकोळ असतो. पैसा जातो तो इंजिने, टाक्या, मोटरची आवरणे, झडपा, संगणक आणि ही सगळी जोडणी तपासण्यात. म्हणजे जे जळून जाते ते स्वस्त आणि जे बुडते ते महाग. पुनर्वापराची सगळी धडपड या एका विसंगतीतून सुरू झाली.

‘पुष्पक’ आतून-बाहेरून कसे आहे?

इस्रोच्या कागदपत्रांत त्याचे नाव ‘आरएलव्ही-टीडी’ असे आहे. म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या प्रक्षेपकाचे तंत्रज्ञान सिद्ध करण्यासाठी बांधलेले यान. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने ते विकसित केले. २०१६ मध्ये उडालेल्या यानाची लांबी ६.५ मीटर, पंखांचा विस्तार ३.६ मीटर आणि वजन १.७५ टन होते. एसटी बसच्या शेजारी उभे केले तर ते बरेच लहान दिसेल.

नाकापासून सुरुवात केली तर सर्वांत पुढे कार्बन-कार्बन या पदार्थाची टोपी आहे. कार्बनच्या तंतूंमध्येच कार्बन भरून हा पदार्थ तयार होतो आणि धातू वितळेल अशा तापमानातही तो टिकतो. यान परत येताना हवेचा पहिला मारा नाकावर बसतो, म्हणून सर्वांत टणक कवच तिथे. पोटाच्या बाजूला सिलिकाच्या फरशा एकेक करून चिकटवलेल्या असतात. या फरशा हाताला हलक्या लागतात, पण बाहेरची उष्णता आतल्या सांगाड्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. यानाची पाठ तुलनेने कमी तापते, तिथले संरक्षण हलके असते.

मागच्या बाजूला दुहेरी त्रिकोणी पंख आहेत. पंखांच्या कडेला हलणाऱ्या झडपा आहेत. त्या यानाचे नाक वर-खाली करतात आणि यान डावी-उजवीकडे कलवतात. शेपटीला एकाऐवजी दोन उभे पंख आहेत, त्यांवरील सुकाणू दिशा राखते. धावपट्टीवर उतरण्याच्या चाचण्यांसाठी याच रचनेला चाके, ब्रेक आणि वेग कमी करणारे पॅराशूट बसवण्यात आले.

यानात वैमानिक नाही. त्याची जागा अनेक उपकरणे मिळून घेतात. गती मोजणारे संवेदक, जमिनीपासूनची उंची सांगणारे रडार, हवेचा दाब मोजणारी यंत्रणा, भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांचा संकेत पकडणारा संच आणि धावपट्टीजवळ बसवलेले, उपग्रहासारखे संकेत देणारे मनोरे. या सगळ्यांची माहिती एकत्र करून यानातील संगणक क्षणोक्षणी निर्णय घेतो.

बांधणीत सर्वांत अवघड काय?

पहिली अडचण उष्णतेची. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने जात असते. ती वातावरणात शिरली की समोरची हवा दबते आणि प्रचंड तापते. हा वेग घालवताना यान जळू नये आणि आतली उपकरणे थंड राहावीत, हे साधायचे असते. एखादी फरशी निखळली किंवा तडकली तर त्या एका जागेतून आग आत शिरू शकते.

दुसरी अडचण उतरण्याची. अवकाशातून परतणाऱ्या यानाचे पंख लहान असतात, कारण मोठे पंख जड होतात आणि जास्त तापतात. लहान पंखांना हवेत तरंगायचे तर वेग मोठा लागतो. प्रवासी विमान साधारण २६० आणि लढाऊ विमान २८० किलोमीटर वेगाने उतरते. ‘पुष्पक’ ३२० किलोमीटरहून जास्त वेगाने धावपट्टीला टेकते. चाके, टायर आणि त्यांना धरणाऱ्या दांड्यांवर पडणारा भार त्याच प्रमाणात वाढतो.

तिसरी अडचण अशी की या चाचण्यांमध्ये यानाला इंजिनाचा आधार नाही. विमानाचा अंदाज चुकला तर वैमानिक पुन्हा वर चढून फेरी मारतो. ‘पुष्पक’ला ती सोय नाही. जे काही साधायचे ते पहिल्या आणि एकमेव प्रयत्नात.

आतापर्यंत कोणत्या चाचण्या झाल्या?

पहिले उड्डाण २३ मे २०१६ रोजी सकाळी ७ वाजता श्रीहरिकोट्याहून झाले. घन इंधनाच्या रॉकेटने यानाला वर नेले. साधारण ६५ किलोमीटर उंची गाठून ते ध्वनीच्या सुमारे पाचपट वेगाने वातावरणात परतले आणि श्रीहरिकोट्यापासून सुमारे ४५० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात ठरलेल्या जागी उतरले. हे यान पाण्यातून बाहेर काढण्याची योजनाच नव्हती. उष्णतारोधक कवच आणि स्वयंचलित दिशानियंत्रण काम करते का, एवढेच त्यातून पाहायचे होते. त्याआधी सुमारे १२० तास वायुबोगद्यातील प्रयोग आणि पाच हजार तासांची संगणकीय आकडेमोड झाली होती.

दुसरा टप्पा सुरू व्हायला जवळपास सात वर्षे लागली. तो पार पडला कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात, चल्लकेरे येथील चाचणी तळावर. २ एप्रिल २०२३ रोजी हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले आणि ते स्वतःहून धावपट्टीवर उतरले. २२ मार्च २०२४ च्या दुसऱ्या चाचणीत ते मुद्दाम धावपट्टीच्या रेषेपासून १५० मीटर बाजूला सोडण्यात आले. २३ जून २०२४ च्या तिसऱ्या चाचणीत हे अंतर ५०० मीटर केले, शिवाय वाराही जोराचा होता. या दोन्ही वेळा यानाने चूक सुधारून धावपट्टीचा मध्य गाठला. शेवटच्या चाचणीत टेकल्यानंतर पॅराशूट उघडले, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास आला आणि मग ब्रेक लागले.

मग खरी कसोटी कोणती?

या तीन चाचण्यांत एक गोष्ट बातम्यांच्या मथळ्यात आली नाही. पहिल्या वेळी उतरलेले यान आणि त्यातील उड्डाण यंत्रणा तपासून, प्रमाणित करून दुसऱ्या वेळी पुन्हा वापरण्यात आली. त्याआधी पहिल्या चाचणीतील निरीक्षणांवरून सांगाडा आणि चाकांची यंत्रणा अधिक मजबूत करण्यात आली. तिसऱ्या चाचणीत मात्र दुसऱ्या वेळचे यान कोणताही बदल न करता वापरले गेले. पुनर्वापर म्हणजे काय, ते इथे दिसते. उतरणे हा अर्धा भाग. उतरलेली वस्तू फार खर्च न करता पुन्हा उडवणे हा उरलेला अर्धा.

हा दुसरा अर्धा किती महागात पडू शकतो, हे अमेरिकेच्या स्पेस शटलने दाखवले. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत शटलची १३५ उड्डाणे झाली. वर्षाला कित्येक डझन उड्डाणे होतील, अशी सुरुवातीची कल्पना होती. प्रत्यक्षात १९८५ मध्ये नऊ उड्डाणे झाली, तोच उच्चांक ठरला. यान परत आले की चोवीस हजारांच्या आसपास फरशा एकेक करून तपासाव्या लागत. इंजिने उतरवून पाहावी लागत. एकच यान पुन्हा उडवायला लागलेला सर्वांत कमी काळ ५४ दिवसांचा होता, बहुतेक वेळा कित्येक महिने जात. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. उड्डाणाच्या वेळी इंधन टाकीवरील फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळून तिथे भोक पडले होते.

लहानशी चूक किती महाग पडते याचे दुसरे उदाहरण ‘डीसी-एक्स’ या प्रायोगिक रॉकेटचे. बारा मीटर उंचीचे हे अमेरिकी रॉकेट १९९३ पासून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सरळ वर जाऊन सरळ खाली उतरून दाखवत होते. जून १९९६ मध्ये तर एका उड्डाणानंतर २६ तासांत ते पुन्हा उडाले. तेही अगदी छोट्या पथकाच्या जोरावर. ३१ जुलै १९९६ रोजी मात्र उतरताना त्याचा चारपैकी एक पाय उघडला नाही. रॉकेट कलंडले, टाकी फुटली आणि आगीत ते संपले. त्या पायाला वायूचा दाब पुरवणारी एक नळी उड्डाणाआधी जोडायची राहून गेली होती.

मग ‘फाल्कन ९’ला कसे जमले?

स्पेसएक्सने अख्खे रॉकेट परत आणण्याचा हट्ट धरला नाही. सर्वांत महाग असलेला पहिला टप्पा तेवढा परत आणायचा, असे ठरवले. या टप्प्याचा वेग कक्षेतल्या यानापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न आटोक्यात राहतो. दुसरा टप्पा अजूनही दर वेळी वाया जातो. पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये प्रथम जमिनीवर उभा उतरला. वापरलेला टप्पा पुन्हा उडवायला मार्च २०१७ उजाडले. तोच टप्पा त्याआधी एप्रिल २०१६ मध्ये उडाला होता, म्हणजे तपासणी आणि दुरुस्तीत जवळपास एक वर्ष गेले. आज हेच काम काही आठवड्यांत होते, कधी तर दहा दिवसांच्या आत. काही टप्पे तीसहून अधिक वेळा उडाले आहेत.

यालाही किंमत मोजावी लागते. उतरण्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते, पायांचे वजन वाहावे लागते. तेवढा उपग्रहाचा भार कमी होतो. म्हणून फार जड उपग्रह असला की पहिला टप्पा परत न आणण्याचाही निर्णय घेतला जातो.

आर्थिक हिशेब कधी जुळतो?

इथे साखर कारखान्याचे उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. यंत्रे वर्षानुवर्षे टिकतात हे खरे, पण कारखाना फायद्यात येतो तो गाळपाच्या दिवसांवर. ऊस कमी पडला आणि हंगाम लवकर आटोपला, तर तीच यंत्रे, तेच कामगार आणि तेच कर्जाचे हप्ते थोड्या साखरेवर वाटले जातात. रॉकेटचेही तसेच आहे. परत आणण्याची यंत्रणा, उतरण्याची जागा, तपासणीचे कारखाने आणि प्रशिक्षित माणसे हा खर्च उड्डाणे दहा झाली काय किंवा शंभर, करावाच लागतो.

२०२४ मध्ये ‘फाल्कन’ रॉकेटची १३० हून अधिक उड्डाणे झाली. त्यांतील मोठा वाटा कंपनीच्या स्वतःच्याच इंटरनेट उपग्रहांचा होता. त्याच वर्षी इस्रोची उड्डाणे होती पाच. वर्षाला पाच उड्डाणे असताना एकच टप्पा पुन्हा पुन्हा वापरला तर बचत थोडी आणि डोलारा मोठा, अशी अवस्था होऊ शकते. त्यामुळे भारतापुढचा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच ‘ऊस किती येणार’ हाही आहे. स्वतःचे अवकाश स्थानक, चांद्रमोहिमा, खासगी कंपन्यांचे उपग्रह आणि परदेशी ग्राहक मिळून उड्डाणांची संख्या किती वाढते, यावर उत्तर ठरेल.

उलट बाजूही आहे. स्वस्त रॉकेट नसेल तर ग्राहक दुसरीकडे जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताचाच ४,७०० किलो वजनाचा ‘जीसॅट-एन२’ उपग्रह अमेरिकेतून ‘फाल्कन ९’ने सोडावा लागला, कारण तेवढे वजन उंच कक्षेत नेण्याची क्षमता तेव्हा आपल्या ‘एलव्हीएम-३’मध्ये नव्हती. त्या रॉकेटचा पहिला टप्पा आधी अनेकदा उडालेला होता.

महाराष्ट्रातील कारखान्यांवर काय परिणाम होईल?

इस्रोच्या रॉकेटचा मोठा भाग महाराष्ट्रात घडतो. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा उद्योग एकेकाळी साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवण्यासाठी ओळखला जाई. तिथे रॉकेट मोटरची आवरणेही तयार होतात. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजमध्ये ‘विकास’ आणि क्रायोजेनिक इंजिने बनतात, तर पवईत लार्सन अँड टुब्रोने मोठ्या बूस्टरचे भाग घडवले आहेत.

आज प्रत्येक उड्डाणाला नवा संच लागतो, म्हणजे प्रत्येक उड्डाणामागे नवी मागणी. पहिला टप्पा दहा वेळा वापरता आला, तर त्या टप्प्याच्या मागणीत घट होणे स्वाभाविक आहे. त्याऐवजी वेगळे काम वाढेल. इंजिन उघडून झीज मोजणे, वेल्डिंगच्या जोडातील न दिसणाऱ्या भेगा क्ष-किरण आणि ध्वनिलहरींनी शोधणे, भाग बदलून पुन्हा प्रमाणित करणे. ओतकाम आणि कातकामात मुरलेल्या कारागिरांना हे कौशल्य नव्याने शिकावे लागेल. उड्डाणे वाढली तर एकूण काम टिकेल. न वाढल्यास ते आटेल.

गंगाखेडच्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

सोयाबीन, कापूस आणि ऊस घेणाऱ्या गोदाकाठच्या शेतकऱ्याला रॉकेटशी थेट देणेघेणे नाही, पण उपग्रहाशी आहे. पावसाच्या अंदाजासाठी हवामान खाते वापरत असलेला ‘इन्सॅट-३डीएस’ १७ फेब्रुवारी २०२४ रोजी जीएसएलव्हीने सोडण्यात आला. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उपग्रह दर बारा दिवसांनी पृथ्वीचा बहुतेक भूभाग रडारने टिपतो. रडारला ढग आणि अंधार आड येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके पाण्याखाली गेली, तेव्हा पंचनाम्याला उशीर होण्याची भीती प्रत्येक गावात होती. अशा वेळी किती क्षेत्र किती दिवस पाण्यात होते, हे वरून मोजता येण्याला महत्त्व येते.

बारा दिवसांऐवजी दररोज असे चित्र हवे असेल तर एक उपग्रह पुरत नाही, त्यांचा ताफा लागतो. ताफा परवडणे हे बऱ्याच अंशी तो वर नेण्याच्या खर्चावर अवलंबून असते.

पुढे काय?

इस्रोची वाटचाल दोन वाटांनी सुरू आहे. एक वाट ‘पुष्पक’ची. पुढचे यान त्याहून सुमारे १.६ पट मोठे असेल आणि ते रॉकेटने थेट कक्षेत नेऊन तिथून परत आणायचे आहे. चल्लकेरेच्या चाचण्यांत उतरणे सिद्ध झाले. कक्षेतून येतानाची खरी उष्णता भारतीय पंखधारी यानाने अजून सोसलेली नाही.

दुसरी वाट पहिला टप्पा परत आणण्याची. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. तीन विकास उड्डाणांसह हे काम ९६ महिन्यांत पूर्ण करायचे आहे. हे रॉकेट पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टनांपर्यंत भार नेईल, म्हणजे ‘एलव्हीएम-३’च्या तिप्पट, तर खर्च दीडपट असेल. त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा असेल. असा टप्पा उतरवायचा तर इंजिन बंद करून हवेत पुन्हा पेटवता आले पाहिजे. १७ जानेवारी २०२५ रोजी महेंद्रगिरीत ‘विकास’ इंजिन ६० सेकंद चालवून बंद केले, १२० सेकंद थांबून पुन्हा सात सेकंद चालवले. आकडे छोटे आहेत, पण उतरणाऱ्या रॉकेटला लागणारे पहिले पाऊल हेच.

कारखान्यात ऑफ सीझनला उघडलेले यंत्र फिटर पुन्हा जोडतो, तेव्हा ते नीट बसले की नाही हे बॉयलर पेटल्यावरच कळते. ‘पुष्पक’ने ही परीक्षा दोनदा दिली आहे, तीही हेलिकॉप्टरने गाठलेल्या उंचीवरून. पुढच्या यानाला ती अवकाशातून परतल्यावर द्यावी लागेल, आणि निकाल उतरण्याच्या दिवशी लागणार नाही. तेच यान दुसऱ्यांदा प्रक्षेपण तळावर कधी उभे राहते आणि त्यासाठी किती फरशा बदलाव्या लागल्या, त्यावर तो ठरेल.